वाचकांचे प्रश्न : शाळेचा वादविवाद संघ

जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाल्या की वक्तृत्व आणि वादविवादाच्या संघांची निवड होते आणि पुढच्या महिन्याभरात या सदराकडे त्याविषयीची पत्रे येऊ लागतात. या वेळी ती सगळी एकत्र घेतली आहेत. मी एकोणतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि त्यातील बहुतेक वर्षे वादविवादाचा संघ माझ्याकडे होता. खालील उत्तरे त्याच अनुभवातून दिली आहेत.

प्रश्न : मी सदाशिव पेठेतील मराठी माध्यमाच्या एका शाळेत नववीत आहे. चौथीपासून मी वक्तृत्व स्पर्धांत भाग घेते. भाषण बाबा लिहून देतात, मी ते पाठ करते आणि बऱ्याचदा बक्षीसही मिळते. यंदा बाईंनी मला वादविवादाच्या संघात घेतले आहे. सरावाचा पहिला विषय ‘लक्ष्मी रस्ता कायमचा वाहनमुक्त करावा’ असा असून मला चिठ्ठीत विरोधी बाजू आली आहे. मला तर तो वाहनमुक्त व्हावा असेच वाटते. मनात नसलेले बोलणे म्हणजे खोटे बोलणे नाही का? शिवाय इथे पाठ केलेले भाषण चालत नाही म्हणतात. मग मी करू तरी काय?

उत्तर : तुझा पहिला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण बहुतेक मुले तो विचारतच नाहीत, चिठ्ठीत जी बाजू येईल ती घेऊन उभी राहतात. खोटे बोलण्यात ऐकणाऱ्याची फसवणूक असते. वादविवादाच्या सभागृहात प्रत्येकाला ठाऊक असते की बाजू चिठ्ठीने ठरली आहे, त्यामुळे तू जे मांडशील ते तुझे खासगी मत आहे असे कोणी समजत नाही. आपल्याकडे शास्त्रग्रंथ लिहिताना आधी पूर्वपक्ष मांडत, म्हणजे आपल्याला न पटणारे म्हणणे त्याच्या पूर्ण ताकदीनिशी लिहून काढत, आणि मगच त्याला उत्तर देत. पूर्वपक्ष लेचापेचा असेल तर उत्तरालाही किंमत राहत नसे. तू जे करणार आहेस ते याच जातीचे काम आहे.

खोटेपणा येतो तो वेगळ्याच वाटेने. न वाचलेला आकडा वाचल्यासारखा सांगणे, समोरच्याने न काढलेले उद्गार त्याच्या तोंडी घालणे, आपल्याला अडचणीची ठरणारी गोष्ट माहीत असूनही ती नाहीच असे ठासून सांगणे, हा खोटेपणा आहे आणि तो आपल्या आवडत्या बाजूने बोलतानाही होतो. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरे काय ते कळावे म्हणून होते ती चर्चा म्हणजे वाद, केवळ जिंकण्यासाठी होते ती जल्प, आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता फक्त समोरच्याचे खोडून काढत राहणे म्हणजे वितंडा. त्याच शास्त्रात ‘छल’ म्हणून एक दोष सांगितला आहे आणि त्याचे उदाहरण वर्गात सांगितले की मुलांना फार आवडते. ‘हा नवकंबल आहे’ असे कोणी म्हणतो, म्हणजे या माणसाच्या अंगावर नवी कांबळी आहे. त्यावर समोरचा विचारतो, ‘नऊ कांबळी कुठे आहेत? मला तर एकच दिसते.’ शब्दांचा असा पीळ घालून टाळ्या मिळतात, पण प्रश्न आहे तिथेच राहतो. तू विरोधी बाजूने बोल, पण नऊ कांबळी मोजू नकोस.

आता तुझ्या विषयाकडे येऊ, कारण तो खरोखरच चांगला निवडला आहे. भाषण लिहायला बसण्याआधी विषयातले शब्द एकेक करून तपासावेत. ‘वाहनमुक्त’ म्हणजे रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंबही नकोत का? दुकानात माल उतरवणारा टेम्पो पहाटे आला तर चालेल का? पेठेत राहणाऱ्या, जिना चढतानाही धाप लागणाऱ्या आजींना रिक्षा दारापर्यंत हवी असेल तर काय करायचे? आणि ‘कायमचा’ हा शब्द तर तुझ्या बाजूचा मोठाच आधार आहे. महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवते. समोरचा संघ हे उदाहरण नक्की देणार. तू म्हणू शकशील की एका दिवसाच्या सोहळ्याला लोक हौसेने येतात. त्यावरून वर्षभराच्या व्यवहाराचा अंदाज बांधता येत नाही, आणि त्या एका दिवशी कुमठेकर रस्त्यावर काय होते तेही पाहायला हवे. लक्ष्मी रस्त्यावरची गाडी नाहीशी होत नाही, ती शेजारच्या रस्त्यावर जाते, हा तुझा गाभ्याचा मुद्दा होऊ शकतो.

यावर समोरून काय येईल याचाही आधीच विचार कर. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली आणि कसबा पेठ व मंडई अशी दोन स्थानके पेठांच्या अगदी अंगणात आली. ‘गाडी नाही तर लोक येणार कसे,’ असे तू विचारलेस की या स्थानकांकडे बोट दाखवले जाईल. मग मेट्रो आहे हे मान्य करून तू म्हणावेस की लग्नाचा बस्ता बांधायला आलेले कुटुंब पिशव्या घेऊन किती चालेल, सातारा-नगरकडून आलेल्या गिऱ्हाइकाचे काय, याचे उत्तर मेट्रोने मिळत नाही. समोरच्याच्या मुद्द्यात जे खरे आहे ते उघडपणे मान्य करून आपला मुद्दा त्याच्या पुढे नेणारा वक्ता परीक्षकांच्या लक्षात राहतो. ‘मी त्यांचे म्हणणे पूर्णपणे फेटाळते’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे आणि त्यानंतर खरोखर काही फेटाळले गेल्याचे फार क्वचित पाहिले आहे. शनिवारी संध्याकाळी विजय टॉकीजपासून बेलबाग चौकापर्यंत एकदा चालून ये आणि दोन-तीन दुकानदारांशी बोल. ऐकून आणि पाहून आलेली गोष्ट बोलण्यात वेगळी उमटते.

पाठांतराबद्दल. पाठांतर वाईट नाही. तुझे उच्चार, तुझा श्वास, तुझी सभाधीटता त्यातूनच घडली आहे आणि ती आता उपयोगी पडेल. पण वादविवादात तुझ्या आधी समोरचा वक्ता काय बोलला यावर तुझे निम्मे भाषण अवलंबून असते आणि ते घरी बसून लिहिता येत नाही. म्हणून आतापर्यंत बोलण्याचा जेवढा सराव केलास तेवढाच ऐकण्याचा कर. माझ्या संघातली मुले वहीच्या पानाला मधोमध उभी घडी घालत. डावीकडे निळ्या शाईने समोरच्याचे मुद्दे, एका मुद्द्याला चार-पाच शब्दांपेक्षा अधिक नाहीत. उजवीकडे लाल शाईने त्याच ओळीत आपले उत्तर. उजवीकडे जिथे कोरी जागा राहिली तो मुद्दा निरुत्तर राहिला आहे हे नजरेलाच दिसते. एका अंतिम फेरीत आठवीतली एक मुलगी बोलायला उठली तेव्हा तिच्या पानावर अशी एकच कोरी जागा होती. ती माईककडे जाता जाता थांबली, टेबलावर वाकून तिथे दोन शब्द लिहिले आणि मग गेली. त्या दोन शब्दांवर तिने दीड मिनिट बोलून दाखवले. तिचा आवाज त्या दिवशी बसला होता, हावभाव म्हणावे तसे नव्हतेच, पण सभागृह तिच्या प्रत्येक वाक्याबरोबर पुढे सरकत होते.

तूही चार-पाच शब्दांची चिठ्ठी हातात ठेव, पूर्ण वाक्ये लिहू नकोस. ‘आदरणीय व्यासपीठ, सन्माननीय परीक्षक, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ यात पाच मिनिटांतला बराच वेळ जातो. एका वाक्यात नमस्कार करून मुद्द्याला हात घाल. शेवटी बाबांविषयी : त्यांनी इतकी वर्षे तुझ्यासाठी लिहिले, आता त्यांना वेगळे काम सांग. रोज रात्री जेवताना त्यांनी समोरची बाजू घ्यावी आणि तुला अडवावे. त्यांना ते लिहिण्यापेक्षा अधिक आवडेल असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : माझा मुलगा कोथरूडमधील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवीत असून शाळेच्या डिबेट संघात निवडला गेला आहे. घरी येऊन तो ‘वर्ल्ड स्कूल्स फॉरमॅट’, ‘पॉइंट ऑफ इन्फर्मेशन’ असे काहीबाही सांगतो, ते आम्हाला कळत नाही. ओळखीच्या पालकांनी मुलांना खासगी क्लास लावले आहेत आणि त्यांची फी भरपूर आहे. क्लास लावणे आवश्यक आहे का? शिवाय तो मराठीतून बोलेनासा झाला आहे, याचीही काळजी वाटते.

उत्तर : आधी पद्धत समजून घ्या, म्हणजे निम्मी काळजी कमी होईल. या पद्धतीत दोन संघ असतात आणि प्रत्येक संघातले तिघे बोलतात. प्रत्येकाला ८ मिनिटे मिळतात. तिन्ही भाषणे झाली की प्रत्येक संघ ४ मिनिटांचे एक समारोपाचे भाषण करतो; ते पहिल्या किंवा दुसऱ्या वक्त्यानेच करायचे असते आणि तेव्हा विरोधी बाजू आधी बोलते. मुख्य भाषण चालू असताना पहिले आणि शेवटचे मिनिट सोडून मधल्या वेळात समोरच्या संघातील कोणीही उभे राहून छोटासा प्रश्न किंवा आक्षेप मांडण्याची परवानगी मागू शकतो. यालाच तुमचा मुलगा ‘पॉइंट ऑफ इन्फर्मेशन’ म्हणतो. वक्त्याने तो स्वीकारावा किंवा नम्रपणे नाकारावा, पण सगळेच नाकारले तर परीक्षकांना ते आवडत नाही. गुण शंभरपैकी असतात : आशयाला ४०, शैलीला ४० आणि मांडणीच्या व्यूहरचनेला २०. काही विषय आधी कळवलेले असतात आणि काही तिथेच जाहीर होतात. आयत्या वेळच्या विषयासाठी तासभर मिळतो आणि त्या तासात संघाने शिक्षकांच्या मदतीवाचून तयारी करायची असते. या पद्धतीची जागतिक स्पर्धा १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाली आणि २०१९ मध्ये बँकॉकला झालेली स्पर्धा भारताच्या शालेय संघाने जिंकली होती.

क्लासची आठवीत गरज नाही असे माझे स्पष्ट मत आहे. आयत्या वेळच्या विषयाचा तो एक तास कोणत्याही क्लासला विकत देता येत नाही. तो मुलांनी एकमेकांशी भांडून, समजून घेऊन, कामे वाटून घालवायचा असतो आणि तो सराव शाळेतल्या संघाबरोबरच होतो. तरीही क्लास लावायचाच असेल तर एक तास मागे बसून पाहा. शिकवणारे मुलांना तयार मुद्द्यांचे कागद वाटत असतील तर तिथून मुलाला घरी घेऊन या. मुले बोलत असतील आणि शिकवणारे ऐकून प्रश्न विचारत असतील तर विचार करायला हरकत नाही. क्लासच्या फीपेक्षा खूप कमी खर्चात घरी दोन वर्तमानपत्रे येतील, एक मराठी आणि एक इंग्रजी. एकाच बातमीवरचे दोन्हींतले अग्रलेख त्याने वाचावेत आणि दोघांचे कुठे पटत नाही ते तुम्हाला सांगावे.

ते सांगणे मराठीत असू द्या. इंग्रजीत शिकलेला मुद्दा मराठीत समजावून सांगताना त्याला ‘स्टेकहोल्डर’, ‘ॲकाउंटेबिलिटी’ अशा शब्दांच्या आड लपता येत नाही. पाण्याचा प्रश्न असेल तर धरण कोणाचे, कालवा कोणाच्या शेतातून जातो, टँकर कोण मागवतो हे सरळ बोलावे लागते. माझ्या संघातून पुढे इंग्रजी स्पर्धांत गेलेल्या मुलांना याचा फायदाच झाला. त्याला मराठीत बोलायला लावणे म्हणजे मराठी टिकवण्यासाठी केलेली सक्ती आहे असे त्याला वाटू देऊ नका. तुम्हाला खरोखर समजून घ्यायचे आहे म्हणून विचारा.

प्रश्न : मुलगी पुढच्या वर्षी दहावीला जाईल. वादविवादाच्या संघात राहिली तर अभ्यासाचे नुकसान होईल का? (एक पालक, हडपसर)

उत्तर : शालेय स्पर्धांचा मुख्य काळ १ ऑगस्टच्या टिळक पुण्यतिथीच्या सुमारास सुरू होतो आणि जानेवारीपर्यंत बहुतेक आटोपतो. बोर्डाची परीक्षा त्यानंतर असते. दहावीच्या वर्षी तिने दिवाळीपर्यंत संघात राहावे आणि नंतर स्वतः न बोलता नववीच्या मुलांचा सराव घ्यायला आठवड्यातून एकदा जावे, असे मी सुचवेन. तिला काय वाटते तेही विचारा. पत्रात तिचे मत कुठेच आलेले नाही.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. तो बोलताना अडखळतो, विशेषतः ‘क’ आणि ‘प’ने सुरू होणाऱ्या शब्दांवर. तरीही त्याने वादविवादाच्या संघासाठी नाव दिले आहे. घरात सगळे म्हणतात की लोक हसतील, त्याला थांबव. मला त्याला थांबवायचे नाही, पण भीतीही वाटते. (एक आई, सिंहगड रस्ता)

उत्तर : त्याला थांबवू नका. अडखळणे बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होते, मुलांमध्ये ते मुलींपेक्षा अधिक आढळते आणि बुद्धी किंवा धैर्य कमी असण्याशी त्याचा काहीही संबंध नसतो. ज्याने सगळे ठाऊक असून नाव दिले त्याच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचे कारणच नाही. अजून स्पीच थेरपिस्टकडे गेला नसाल तर जरूर जा, पण ‘आधी बरा हो, मग संघात जा’ असा क्रम लावू नका. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू शकतात.

घरात एक नियम करा : तो अडखळला की कोणीही त्याचा शब्द पुरा करायचा नाही. ‘सावकाश बोल’, ‘दीर्घ श्वास घे’ हेही म्हणायचे नाही. प्रेमापोटी आपण हे करतो आणि त्याला मात्र आपण त्याच्या अडखळण्याकडेच कान लावून बसलो आहोत असे वाटते. त्याच्या डोळ्यांकडे पाहून वाक्य संपेपर्यंत थांबायचे.

शाळेत बाईंना किंवा सरांना स्वतः भेटा आणि दोन गोष्टी मागा. स्पर्धेच्या आयोजकांना आधी कळवून त्याला जास्त वेळ मिळावा, कारण घंटा सगळ्यांसाठी सारखी असली तरी त्याची मिनिटे सारखी नसतात. आणि संघातल्या मुलांशी त्याच्यादेखत, त्याच्या संमतीने, एकदा मोकळेपणाने बोलले जावे. माझ्या संघात असा एक मुलगा होता. तो भाषणाच्या पहिल्याच वाक्यात सांगत असे, ‘मी मध्येमध्ये थांबेन, माझा मुद्दा थांबणार नाही.’ हे वाक्य त्याचे त्याने शोधले होते. एकदा ते बोलून झाले की सभागृह ऐकायला तयार होई आणि त्याचे खांदे सैल होत. तो मुद्दे इतके नेमके निवडत असे की पाच मिनिटांत इतर मुले जेवढे सांगत त्याहून कमी शब्दांत तो अधिक सांगून जाई. हसणारा एखादा निघतो, हे मी नाकारत नाही. मुलाला तशी कल्पना नक्कीच असेल. ती तुमच्यापेक्षा त्याला आधीपासून आहे.

प्रश्न : माझी नात अमेरिकेत हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिने तेथील ‘स्पीच अँड डिबेट टीम’मध्ये नाव घातले आहे. आम्ही औंधला राहतो, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलतो. हा काय प्रकार आहे आणि मी इथून तिला काही मदत करू शकतो का? (एक आजोबा)

उत्तर : तिकडे हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते आणि या चारही वर्षांत संघात राहता येते. नावाप्रमाणे त्याच्या दोन शाखा आहेत. ‘स्पीच’मध्ये मूल एकटे बोलते : कधी स्वतः लिहिलेले आणि पाठ केलेले भाषण, कधी नाट्यप्रवेशाचे सादरीकरण, तर कधी चालू घडामोडींवरचे उत्स्फूर्त भाषण. या शेवटच्या प्रकारात तीन प्रश्न चिठ्ठीने येतात, त्यातला एक निवडायचा, ३० मिनिटे तयारी करायची आणि ७ मिनिटांपर्यंत बोलायचे. आपल्याकडच्या आयत्या वेळच्या वक्तृत्वापेक्षा यात वाचन आणि संदर्भ यांना बरेच अधिक महत्त्व असते.

‘डिबेट’चे मुख्य प्रकार तीन. ‘पॉलिसी’मध्ये दोघांविरुद्ध दोघे असतात आणि देशभर वर्षभर एकच विषय चालतो, त्यामुळे मुले त्या विषयाच्या तळाशी जातात, मात्र ती इतक्या वेगाने बोलतात की नवख्या माणसाला काही कळत नाही. ‘पब्लिक फोरम’मध्येही दोघांविरुद्ध दोघे असतात, पण सामान्य श्रोत्याला समजेल असे बोलण्याची अपेक्षा असते. तिसरा ‘लिंकन-डग्लस’, यात एकाविरुद्ध एक असतो आणि प्रश्न बहुधा मूल्यांचा असतो. हे नाव अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्यात १८५८ मध्ये इलिनॉय राज्यात झालेल्या सात जाहीर वादांवरून पडले आहे. तेव्हा दोघेही सिनेटच्या जागेसाठी उभे होते आणि गुलामगिरी हा त्यांच्या वादाचा मुख्य विषय होता. या सगळ्यावर देखरेख करणारी राष्ट्रीय संघटना १९२५ मध्ये स्थापन झाली. तिचे जुने नाव ‘नॅशनल फोरेन्सिक लीग’, आणि २०१४ पासून ती ‘नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन’ म्हणून ओळखली जाते. ‘फोरेन्सिक’ शब्द ऐकून तुमच्या घरी कोणी दचकले असेल तर सांगावे की तिथे त्याचा अर्थ सभेत बोलण्याची कला असा आहे.

मदत तर तुम्ही अगदी नेमकी करू शकता. त्या स्पर्धांत परीक्षक म्हणून पुष्कळदा विद्यार्थ्यांचे पालकच बसतात, ज्यांना विषयाची विशेष माहिती नसते. म्हणजे तिला अनोळखी, पण लक्ष देऊन ऐकणाऱ्या मोठ्या माणसाला पटवायचे आहे. तुम्ही रविवारी तेच व्हा. घड्याळ लावून तिला बोलू द्या, मध्ये बोलू नका, कागदावर टिपून घ्या आणि शेवटी सांगा की कोणता मुद्दा तुम्हाला समजला, कोणता निसटला आणि तुमचा कौल कोणाला. ‘छान बोललीस बाळ’ एवढ्यावर थांबू नका. आणि एखाद्या रविवारी तिच्या विषयात भारतात काय घडले ते तुम्ही सांगा. ती बाजू तिथल्या मुलांपैकी फार थोड्यांकडे असेल.

प्रश्न : मी येरवडा परिसरातील महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्याकडे वादविवादाचा संघ कधीच नव्हता. मुलांच्या घरी हिंदी, तेलुगू, कन्नड, मराठी अशा अनेक भाषा बोलल्या जातात. मुले वर्गात हिरिरीने भांडतात, पण स्पर्धेला नेले तर ‘भाषा शुद्ध नाही’ म्हणून परत येतात आणि पुन्हा जायला तयार होत नाहीत. पैसे नाहीत, वेळही थोडाच आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर : बाई, तुमच्या पत्राने मला एका जुन्या प्रसंगाची आठवण झाली आणि त्याची खंत अजून गेलेली नाही. एका आंतरशालेय स्पर्धेत मी तिघा परीक्षकांपैकी एक होतो. सातवीतल्या एका मुलाने पाणीपट्टीच्या विषयावर त्या दिवसातला सर्वांत भक्कम युक्तिवाद केला. त्याच्या वस्तीत सार्वजनिक नळाला किती वेळ पाणी येते, रांगेत कोण उभे राहते आणि त्यामुळे कोणाची शाळा बुडते, हे त्याने क्रमाने सांगितले. तो ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणत होता. भाषा आणि उच्चार यांच्या रकान्यात त्याला दहापैकी तीन गुण पडले आणि तो चौथा आला. ते तीन गुण देणाऱ्यांत मीही होतो. मुद्दा ऐकण्याआधी मी त्याचा ‘न’ ऐकला होता. त्यानंतर जिथे जिथे मला गुणपत्रिका ठरवता आली तिथे मी ‘शुद्ध उच्चार’ हा रकाना काढून ‘म्हणणे स्पष्ट कळते का’ असा घातला. जिथे ठरवता आली नाही तिथे वाद घातला. तुम्ही मुलांना स्पर्धेला नेण्याआधी आयोजकांकडून गुणांचे निकष मागवून घ्या आणि भाषेला पंचवीस टक्क्यांहून अधिक भार असेल तर पहिल्या वर्षी त्या स्पर्धेला जाऊ नका. मुलांना प्रमाण मराठी जरूर शिकवा, ती त्यांच्या हक्काची आहे. पण ती येईपर्यंत त्यांनी गप्प बसावे असे होऊ नये.

सुरुवातीला आठ-दहा मुले पुरतात आणि आठवड्यातले दोन तास पुरतात. निवड करताना मोठ्या आवाजाच्या मुलांबरोबर वर्गात फारसे न बोलणारी, पण मधल्या सुट्टीत दोघांचे भांडण मिटवणारी मुलेही घ्या. समोरच्यांच्या सगळ्या मुद्द्यांना शेवटी उत्तर देणारा तिसरा वक्ता बहुधा त्यांच्यातूनच मिळतो. मुली निम्म्या असाव्यात आणि त्यांना घरून उशिरापर्यंत थांबू देत नसतील तर तास शाळेच्या वेळेतच बसवावा. विषय ‘विज्ञान : शाप की वरदान’ यांसारखे घेऊ नका. त्यांवर इतकी भाषणे होऊन गेली आहेत की मुलांच्या तोंडी आपोआप दुसऱ्यांचीच वाक्ये येतात. वाचनासाठी पुणे नगर वाचन मंदिरासारखे १८४८ पासून चालत आलेले ग्रंथालय शहरात आहे. तिथे मुलांना एकदा घेऊन जा आणि जुन्या वर्तमानपत्रांत एखादी बातमी कशी शोधायची ते दाखवा. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला एप्रिल-मेमध्ये टिळक स्मारक मंदिरात होते. सुट्टीत जी मुले गावी गेली नसतील त्यांना तिथे एखाद्या संध्याकाळी न्या, आणि परत येताना वक्त्याचे कोणते म्हणणे पटले नाही ते विचारा.

पहिला महिना भाषण नकोच. दोन मुले समोरासमोर उभी करावीत. पहिल्याने एक मुद्दा सांगायचा. दुसऱ्याने उत्तर देण्याआधी तोच मुद्दा स्वतःच्या शब्दांत, हव्या त्या भाषेत सांगायचा आणि पहिल्याने ‘हो, मला हेच म्हणायचे होते’ असे म्हटले तरच पुढे जायचे. ‘नाही’ म्हटले तर पुन्हा सांगायचे. सुरुवातीला मुले चिडतात, पाच-पाच वेळा ‘नाही’ येते आणि तास एकाच मुद्द्यावर संपतो. संपू द्या. पहिला विषय मात्र त्यांच्याकडूनच घ्या : शाळेत, गल्लीत किंवा घरी जे ठरते आणि त्यांना कोणी विचारत नाही, असे काय आहे ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचे, नाव न घालता. त्यातली एक चिठ्ठी तुम्ही उचला, मोठ्याने वाचा आणि दोन्ही बाजू वाटून द्या.